स्पॅनिशमध्ये वेळ सांगताना आणि काही मागताना: इंग्रजीऐवजी मराठीतून जा

मराठी माणूस स्पॅनिश शिकतो तो बहुतेक वेळा इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजी, ॲप इंग्रजी, वर्गातलं समजावणंही निम्मं इंग्रजीत. त्यामुळे डोक्यात एक वाट पक्की होते: मनात आलेल्या मराठीचं आधी इंग्रजी करायचं आणि मग त्या इंग्रजीचं स्पॅनिश. फळांची नावं, रंग, आकडे यांच्यापुरतं हे चालून जातं. पण 'सव्वातीनला येतो', 'दोन वर्षं झाली इथे राहतोय', 'जरा पेन देता का' ही रोजची वाक्यं त्या वाटेने गेली की व्याकरणात बसूनही समोरच्याच्या कानाला खटकतात.

नव्या जागी गेलेल्या माणसाचं पहिल्या काही आठवड्यांतलं बोलणं वेळ आणि विनंती याच दोन गोष्टींभोवती फिरतं. बस किती वाजता, काम कधीपर्यंत, पाणी द्या, दार उघडा, जरा थांबा. म्हणून इथे तेवढंच घेतलं आहे. माझं सांगणं असं की इंग्रजी वाक्य समोर आलं तर आधी ते आपण घरात जसं बोलू तसं मराठीत म्हणून बघा आणि मग स्पॅनिशकडे वळा. कितीतरी ठिकाणी मराठीची आणि स्पॅनिशची घडण इतकी जुळते की मधलं इंग्रजी निव्वळ अडथळा ठरतं. काही जागी मराठीही चकवते. त्या जागा वेगळ्या सांगेन.

उच्चारांबद्दल थोडं आधी. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, ही आपली मोठी सोय. लिहिलेला 'एच' बोलायचा नाही. 'बी' आणि 'व्ही' ही दोन अक्षरं एकाच आवाजाची, म्हणून दोन्हींसाठी मी ब लिहिला आहे. 'जे' या अक्षराचा आवाज घशातून येतो, तिथे ख वापरला आहे. 'आसे', 'सिन्को' हे उच्चार लॅटिन अमेरिकेतले. स्पेनच्या बहुतेक भागांत हेच 'आथे', 'थिन्को' असे ऐकू येतील.

पहिली पायरी: घड्याळ

इथून सुरुवात करा, कारण इथे मराठी माणसाला जवळजवळ काहीच नवीन शिकावं लागत नाही. आपण 'एक वाजला' म्हणतो आणि 'दोन वाजले' म्हणतो. एकाला एकवचन, पुढच्या सगळ्यांना अनेकवचन. स्पॅनिशमध्येही तसंच: 'एस ला उना' म्हणजे एक वाजला, 'सोन लास दोस' म्हणजे दोन वाजले, 'सोन लास त्रेस' म्हणजे तीन वाजले. इंग्रजीत सगळ्या तासांना एकच क्रियापद असल्यामुळे इंग्रजीतून येणारे 'एस लास त्रेस' म्हणतात. मराठीतून आलात तर ही चूक होणारच नाही.

सव्वा, साडे, पावणे हेही तयारच आहेत. सव्वातीन म्हणजे 'त्रेस ई क्वार्तो', तीन आणि पाव. साडेतीन म्हणजे 'त्रेस ई मेदिया', तीन आणि अर्धा. पावणेचार म्हणजे 'क्वात्रो मेनोस क्वार्तो', चाराला पाव कमी. दीडला 'उना ई मेदिया', अडीचला 'दोस ई मेदिया'. हल्ली मोबाइल बघून 'थ्री फॉर्टी फाइव्ह' म्हणायची सवय आपल्यालाही लागली आहे. स्टेशनवरच्या घोषणेत किंवा विमानाच्या वेळेत स्पॅनिशमध्येही आकडे तसेच येतात, पण माणसामाणसांतल्या बोलण्यात सव्वा-साडे-पावणेच चालतात. तेव्हा आजोबांसारखी वेळ सांगा, ती स्पॅनिशमध्ये बरोबर बसेल.

पावणेचार सांगायची आणखी एक तऱ्हा आहे. मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत 'क्वार्तो पारा लास क्वात्रो' म्हणतात. दहा मिनिटं कमी असतील तर 'फाल्तान दिएस पारा लास क्वात्रो'. हे तर सरळसरळ 'चार वाजायला दहा कमी आहेत'. स्पेनमध्ये 'क्वात्रो मेनोस दिएस'. दोन्ही समजायला हवेत, बोलायला एक पुरे.

'पाचला', 'पाच वाजता' म्हणायचं तर 'आ लास सिन्को'. बरोबर पाचला असेल तर 'आ लास सिन्को एन पुन्तो'. पाचच्या सुमारास असेल तर स्पेनमध्ये 'सोब्रे लास सिन्को', लॅटिन अमेरिकेत 'कोमो आ लास सिन्को', आणि 'आ एसो दे लास सिन्को' दोन्हीकडे. पाच वाजून गेले आहेत पण नक्की किती ते सांगायचं नाही, तेव्हा 'लास सिन्को ई पिको'.

दिवसाच्या भागांत मात्र जपून. आपल्याकडे दुपार वेगळी, संध्याकाळ वेगळी. स्पॅनिशची 'तार्दे' या दोघींना पोटात घेते. दुपारच्या जेवणापासून अंधार पडेपर्यंत सगळी 'तार्दे'. स्पेनमध्ये दुपारचं जेवणच दोन-तीन वाजता होतं, त्यामुळे दीड वाजता 'बुएनोस दीआस', म्हणजे सुप्रभात, म्हणणारी माणसं भेटतील. जेवण झालं नाही, तर सकाळ संपलेली नाही. रात्रीच्या जेवणाला नऊ-दहा वाजतात आणि उन्हाळ्यात आठ वाजता लख्ख उजेड असतो, म्हणून 'लास ओचो दे ला तार्दे' हेही सहज ऐकू येतं. उलट 'माद्रुगादा' आपल्या पहाटेपेक्षा लांब आहे. आपण 'रात्री एक वाजता' म्हणतो तिथे ते 'ला उना दे ला माद्रुगादा' म्हणतात. मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंत सगळी माद्रुगादाच. स्पेनच्या रेल्वेच्या वेळापत्रकात चोवीस तासांचं घड्याळ असतं. तिकिटावर १९:१५ दिसलं तरी मित्राला सांगताना सव्वासात, 'लास सिएते ई क्वार्तो'.

दुसरी पायरी: वार, आठवडा, पंधरवडा

सोमवारी भेटू: 'नोस बेमोस एल लुनेस'. इंग्रजीत वाराआधी शब्दयोगी शब्द येतो म्हणून शिकणारे 'एन एल लुनेस' लिहितात. ते 'एन' काढून टाका. 'एल लुनेस' म्हणजे त्या एका सोमवारी, 'लोस लुनेस' म्हणजे दर सोमवारी. मराठीत 'सोमवारी दुकान बंद असतं' आणि 'सोमवारी दुकान बंद होतं' यांतला फरक क्रियापद सांगतं, स्पॅनिशमध्ये तो आधीच 'एल' आणि 'लोस' सांगतात. लिहिताना वार आणि महिने लहान अक्षराने सुरू होतात. तारखेत आधी दिवस मग महिना, आपल्यासारखंच. ५/३ म्हणजे ५ मार्च.

येत्या सोमवारी: 'एल लुनेस के बिएने'. 'बिएने' म्हणजे येतो. गेल्या आठवड्यात: 'ला सेमाना पासादा'. 'पासादा' म्हणजे गेलेली. शब्दाला शब्द जुळतो. इंग्रजीतून गेलात तर 'ला उल्तिमा सेमाना' तोंडात येतं आणि त्याचा अर्थ होतो शेवटचा आठवडा. मालकाला 'शेवटच्या आठवड्यात पगार मिळाला नाही' आणि 'गेल्या आठवड्यात मिळाला नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मराठी कानाला हा फरक चटकन कळतो.

आठ आणि पंधरा दिवसांचा हिशेबही आपलाच. आपण आठवड्याला आठ दिवस मोजतो ('आठ दिवसांनी या') आणि दोन आठवड्यांना पंधरा. स्पॅनिशमध्ये 'देन्त्रो दे ओचो दीआस' म्हणजे आठवड्याने आणि 'देन्त्रो दे किन्से दीआस' म्हणजे पंधरा दिवसांनी. चौदा दिवस कोणी म्हणत नाही. मेक्सिकोत पगार महिन्यातून दोनदा होण्याची पद्धत रूढ आहे आणि त्या पगारालाही 'किन्सेना' म्हणतात, पंधरवडाच.

मराठी चकवते ती 'परवा'पाशी. आपला एकच परवा मागेही जातो आणि पुढेही. स्पॅनिशमध्ये आधीच ठरवावं लागतं: पुढचा परवा 'पासादो मान्याना', मागचा परवा 'आन्तेआयेर', मेक्सिकोत 'आन्तिएर'. आणि 'मान्याना' या शब्दात उद्या आणि सकाळ दोन्ही आहेत, म्हणून उद्या सकाळी म्हणजे 'मान्याना पोर ला मान्याना'. काल रात्रीला मात्र एकच नीटस शब्द आहे: 'आनोचे'.

तिसरी पायरी: पासून, पूर्वी, झाली

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंग्रजीतून आलेल्यांची सगळ्यात जास्त फरफट इथे होते आणि मराठीवाल्यांना सगळ्यात मोठा फायदाही इथेच आहे.

'मी दोन वर्षांपासून इथे राहतो.' या वाक्यात क्रियापद वर्तमानकाळात आहे, कारण राहणं अजून चालू आहे. इंग्रजीत या ठिकाणी वेगळाच काळ लागतो. स्पॅनिशमध्ये वर्तमानकाळच लागतो: 'बीबो आकी देस्दे आसे दोस आन्योस'. 'देस्दे' म्हणजे पासून. एखाद्या वर्षापासून असेल तर 'देस्दे २०२२'.

आता हेच वाक्य दुसऱ्या तऱ्हेने म्हणून बघा: 'दोन वर्षं झाली, इथे राहतोय.' स्पॅनिश: 'आसे दोस आन्योस के बीबो आकी'. 'आसे... के' हे चक्क आपलं '...झाली' आहे. तिसरी तऱ्हा बोलण्यात सगळ्यात जास्त चालते: 'येबो दोस आन्योस बिबिएन्दो आकी'. 'येबो'चा मूळ अर्थ 'मी वाहून नेतो, बाळगतो', म्हणजे दोन वर्षं माझ्या गाठीशी आहेत. तीनपैकी एकच पाठ करायचं असेल तर हे करा. 'किती वेळ थांबला आहेस?' विचारायचं तर 'क्वान्तो तिएम्पो येबास एस्पेरान्दो?' आणि नकार असेल तर 'सिन', म्हणजे शिवाय: 'येबो त्रेस दीआस सिन दोर्मीर', तीन दिवस झोपेविना काढले.

इंग्रजीच्या सावलीत तयार होणारं वाक्य असतं 'ए बिबिदो आकी पोर दोस आन्योस'. त्याला चूक ठरवता येणार नाही, लॅटिन अमेरिकेत ते कानावरही येतं. पण तुमची वाक्यामागून वाक्यं अशीच आली तर ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस मनात इंग्रजी बोलतो आहे.

'पूर्वी'साठी 'देस्दे' काढा आणि क्रियापद भूतकाळात न्या: 'येगे आसे दोस आन्योस', दोन वर्षांपूर्वी आलो. म्हणजे 'आसे दोस आन्योस' एकटं असेल तर पूर्वी, त्याच्या आधी 'देस्दे' लागलं तर पासून. हा जोड पक्का झाला की निम्मं काम झालं.

'आत्ताच जेवलो' हे मात्र वर्तमानकाळात सांगतात: 'आकाबो दे कोमेर'. 'आकाबो दे' म्हणजे शब्दशः 'मी अमुक संपवतो'. आत्ताच आलो, 'आकाबो दे येगार'. आत्ताच बोललो तिच्याशी, 'आकाबो दे आब्लार कोन एया'. एकदा बसलं की दिवसातून वीसदा उपयोगी पडतं.

'दहा मिनिटांनी' आणि 'दहा मिनिटांत' हा भेद मराठीत आहे, इंग्रजीत बोलताना तो पुसला जातो. दहा मिनिटांनी निघतो: 'साल्गो देन्त्रो दे दिएस मिनूतोस'. दहा मिनिटांत काम उरकतो: 'लो आगो एन दिएस मिनूतोस'. लॅटिन अमेरिकेत दोन्हीकडे 'एन' चालवतात आणि स्पेनमध्येही बोलताना तसं होतं, पण भेद पाळलात तर घोटाळ्याला जागा राहत नाही.

वेळ 'लागणं' म्हणजे 'तार्दार'. बसला किती वेळ लागतो: 'क्वान्तो तार्दा एल आउतोबुस?' आपण 'मला दहा मिनिटं लागतील' म्हणतो, पण स्पॅनिशमध्ये तो 'मला' नाही, कर्ता मी: 'तार्दो दिएस मिनूतोस'. दक्षिण अमेरिकेत 'देमोरार' हे क्रियापदही खूप चालतं. मला उशीर होतोय हे सांगायला 'एस्तोय तार्दे' म्हणू नका, 'येगो तार्दे' म्हणा, म्हणजे उशिरा पोहोचतोय. नुसताच उशीर झाला असेल, रात्र झाली असेल, तर 'एस तार्दे'.

चौथी पायरी: मराठी जिथे चकवते

सगळ्यात मोठी फसगत 'पर्यंत'मध्ये आहे. 'शुक्रवारपर्यंत मी पुण्यात आहे' आणि 'शुक्रवारपर्यंत फाइल द्या' या दोन्ही वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो. पहिल्यात काम शुक्रवारपर्यंत चालू राहतं, तिथे 'आस्ता एल बिएर्नेस'. दुसऱ्यात शुक्रवार ही मुदत आहे, तिथे 'पारा एल बिएर्नेस'. फाइलच्या वाक्यात 'आस्ता' घातलंत तर शुक्रवारपर्यंत देतच राहा असा विचित्र अर्थ निघतो. मुदत ठासून सांगायची असेल तर 'आ मास तार्दार' जोडा: 'एल बिएर्नेस आ मास तार्दार', फार तर शुक्रवार.

मेक्सिकोला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे 'आब्रेन आस्ता लास दिएस' याचा अर्थ बहुतेक वेळा 'दहाशिवाय उघडत नाहीत' असा असतो. स्पेनच्या माणसाला तेच वाक्य 'दहापर्यंत उघडतात' असं काहीतरी विचित्र वाटेल. मध्य अमेरिकेत आणि कोलंबियातही हा वापर सापडतो. दुकान, बँक, दवाखाना यांच्या वेळा विचारताना 'दहाला उघडतं का' असं सरळ विचारून घ्यावं: 'आब्रेन आ लास दिएस?'

दुसरी फसगत 'येतो'ची. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, आपण 'आलो, आलो' म्हणतो. स्पॅनिशमध्ये तिथे 'या बोय' म्हणतात, म्हणजे 'जातोच'. बोलणारा जिथे आहे तिकडे कोणी येत असेल तरच 'बेनीर' वापरायचं. मी तुमच्याकडे निघालोय तर 'बोय', तुम्ही माझ्याकडे येताय तर 'बिएनेस'. फोनवर 'मी पाच वाजता तुझ्याकडे येतो' म्हणायचं असेल तर 'बोय आ तू कासा आ लास सिन्को'.

या 'या'बद्दल दोन वाक्यं. 'या एस्ता' म्हणजे 'झालं!' 'या कोमी' म्हणजे 'माझं जेवण झालं'. 'या नो' म्हणजे 'आता नाही', पूर्वी होतं आणि आता थांबलं अशा अर्थाने. 'अजून नाही' असेल तर 'तोदाबीआ नो'. जेवायला बसा म्हणणाऱ्या यजमानाला 'या नो' आणि 'तोदाबीआ नो' यांत गल्लत करून उत्तर दिलं तर ताट येईल की जाईल ते सांगता येत नाही, म्हणून ही जोडी नीट घोकून ठेवा.

'आत्ता'साठी 'आओरा', 'अगदी आत्ता'साठी 'आओरा मिस्मो'. 'आओरीता' हा त्याचा लाडका धाकटा शब्द देशागणिक बदलतो. मेक्सिकोत तो आत्ता, थोड्या वेळाने किंवा कधीतरी यांपैकी काहीही असू शकतो. व्हेनेझुएलात आत्ताच्या आत्ता. डोमिनिकन रिपब्लिक आणि पोर्तो रिकोत नंतर. कामाच्या ठिकाणी कोणी 'आओरीता' म्हटलं तर किती वाजता ते विचारायला संकोच नको: 'कोमो आ के ओरा?'

'वेळ' या एका शब्दाला स्पॅनिशमध्ये बरेच शब्द आहेत, पण इथे मराठी पुन्हा मदतीला येते. घड्याळातली वेळ 'ओरा'. तीनदा, चारदा यातला 'दा' म्हणजे 'बेस', अनेकवचनी 'बेसेस': 'त्रेस बेसेस'. थोडा वेळ म्हणजे 'उन रातो'. माझ्याकडे वेळ नाही, त्यातला वेळ 'तिएम्पो'. हाच 'तिएम्पो' हवामानासाठीही येतो.

पाचवी पायरी: मागायचं कसं

इंग्रजीत काउंटरवर उभं राहून 'मला कॉफी मिळू शकेल का' या अर्थाचं वाक्य म्हणतात. त्याचं शब्दशः 'पुएदो तेनेर उन काफे?' ऐकून वेटर काय ते समजेल, पण हे स्पॅनिश नाही. मराठीत आपण काय म्हणतो? 'एक कॉफी द्या.' 'एक कॉफी देता का?' तसंच म्हणा. स्पेनमध्ये 'मे पोनेस उन काफे?' 'मे' म्हणजे मला, आणि क्रियापद साधा वर्तमानकाळ, प्रश्नाच्या सुरात. मेक्सिकोत 'मे दा उन काफे, पोर फाबोर?' कोलंबियात 'मे रेगाला उन तिन्तो?' 'रेगालार' म्हणजे भेट देणे, पण फुकट कोणी मागत नसतं, तिथली ती मागायची रीत आहे. तिथला 'तिन्तो' म्हणजे काळी कॉफी. स्पेनमध्ये 'तिन्तो' मागितलात तर रेड वाइन येईल.

वर्तमानकाळातला हा प्रश्न विनंतीचा कणा आहे. 'आब्रेस ला बेन्ताना?' खिडकी उघडतोस का? 'मे पासास ला साल?' मीठ देतेस का? 'मे प्रेस्तास ला प्लूमा?' पेन देतोस का जरा? (मेक्सिकोत पेनला 'प्लूमा', स्पेनमध्ये 'बोली' आणि तिथे 'मे देखास एल बोली?', अर्जेंटिनात 'लापिसेरा'.) उसनं 'घेण्या'च्या बाजूने वाक्य बांधू नका, 'देतोस का'च्या बाजूने बांधा, आपण बांधतो तसंच.

एक पायरी वर चढायचं तर 'पुएदेस', म्हणजे 'शकतोस का', त्याहून वर 'पोद्रीआस', 'शकशील का', आणि अनोळखी किंवा मोठ्या माणसाला 'पोद्रीआ'. पण घरच्या टेबलावर मीठ मागताना 'पोद्रीआस' वापरलं तर ते 'मीठ देऊ शकशील का' इतकं अवघडलेलं वाटतं. माझ्या मते नव्या माणसाची खरी चूक उद्धटपणाची नसते. तो गरजेपेक्षा जास्त औपचारिक होतो आणि त्यामुळे परका राहतो.

'प्लीज'चंही तसंच. रोजच्या मराठीत त्याला शब्दच नाही. 'कृपया' पाटीवर असतं. आपण 'जरा', 'ना', 'का' आणि आवाजातल्या मार्दवावर भागवतो. स्पॅनिशमध्ये 'पोर फाबोर' आहे आणि वापरावंच, मेक्सिको-कोलंबियात सढळ हाताने. पण इंग्रजीइतकं दर वाक्याला नको, विशेषतः स्पेनमध्ये. 'जरासं', 'थोडंसं'चं काम तिथे शब्दाचं लहान रूप करतं: 'उन मोमेन्तो'चं 'उन मोमेन्तीतो', 'काफे'चं 'काफेसीतो'.

आज्ञार्थाची भीती घालवा. इंग्रजीत नुसता आज्ञार्थ तोडून बोलल्यासारखा वाटतो म्हणून शिकणारे तो टाळतात. मराठीत 'या या, बसा ना' यात आदरच आहे. स्पॅनिशमध्येही 'पासे, पासे, सिएन्तेसे'. दुकानदार 'बोला' म्हणतो तसं तिथला दुकानदार 'दीगामे' म्हणतो. स्पेनमध्ये फोन उचलूनही 'दीगा' किंवा 'दीगामे', आपलं 'बोला'च. मेक्सिकोत फोनवर 'बुएनो', कोलंबिया-पेरूत 'आलो', अर्जेंटिनात 'ओला'.

'कळव' म्हणायचं तर 'आबीसामे'. 'देखामे साबेर' हे इंग्रजीचं शब्दशः रूप अमेरिकेतल्या स्पॅनिश वस्तीत ऐकू येतं, पण सगळीकडे चालणारं 'आबीसामे'च. वाट काढून पुढे जायचं असेल तर 'कोन पेर्मीसो', लक्ष वेधायचं असेल तर 'दिस्कुल्पे' किंवा 'पेर्दोना'. बिल मागताना 'ला क्वेन्ता, पोर फाबोर'. घाईत असाल तर 'मे कोब्रास?', पैसे घेता का? कार्ड चालेल का विचारताना 'पुएदो पागार कोन तार्खेता?' या 'पागार'ची आपल्याला जुनी ओळख आहे. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला 'पगार' याच घराण्यातला.

'ते इम्पोर्ता सी आब्रो ला बेन्ताना?' या प्रश्नापाशी थांबा. आपण 'उघडली तर चालेल ना?' विचारतो आणि उत्तर येतं 'हो'. स्पॅनिश प्रश्न आहे 'तुझी हरकत आहे का?', म्हणून परवानगीचं उत्तर 'नो, क्लारो'. सवयीने 'सी' म्हणून गेलात तर खिडकी बंदच राहील.

सहावी पायरी: तू की तुम्ही

'तू' हा शब्द दोन्ही भाषांत तोच आणि त्याच नात्याचा. आदराचा 'उस्तेद' मूळ 'बुएस्त्रा मेर्सेद', आपली कृपा, यातून झिजून आला. म्हणून त्याच्यासोबत क्रियापद तृतीय पुरुषी येतं. समोर बसलेल्या पाहुण्यालाच 'साहेब काय घेणार?' विचारतो ना आपण, तसं.

अडचण अशी की आपण वयावरून आणि हुद्द्यावरून 'तुम्ही'वर जातो आणि तोच नियम तिथे लावतो. स्पेनमध्ये सहकारी, बऱ्याचदा साहेबसुद्धा, 'तू'. तिथे सगळ्यांना 'उस्तेद' लावलंत तर तुम्ही अंतर ठेवताय असं वाटेल. उलट कोलंबियाच्या काही भागांत भावाबहिणींतही 'उस्तेद' चालतं. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' आणि क्रियापदं 'पोदेस', 'केरेस'. तिन्ही एकदम शिकू नका. जिथे जायचं आहे किंवा ज्यांच्याशी काम आहे तिथलं एक घ्या. वयस्कर अनोळखी माणूस असेल तर कुठेही 'उस्तेद'ने सुरू करा, तो स्वतःच 'तू म्हण' सांगेल. अनेकांना उद्देशून बोलताना स्पेनमध्ये मित्रमंडळींना 'बोसोत्रोस', बाकी सगळीकडे 'उस्तेदेस'.

सातवी पायरी: एक पत्र करून बघा

पुण्या-मुंबईतल्या कचेऱ्यांतून लॅटिन अमेरिकेतल्या ग्राहकांशी पत्रव्यवहार करणारे बरेच जण आहेत. त्यांच्यासमोर नेहमी येणारा मजकूर घेऊ. इंग्रजीत आहे: दोन आठवडे उत्तराची वाट बघतोय, सही केलेला करार शुक्रवारपर्यंत पाठवाल का, वेळ हवा असेल तर कळवा.

पहिला मसुदा असा होईल: 'येबो दोस सेमानास एस्पेरान्दो सू रेस्पुएस्ता'. व्याकरण अचूक, पण सुरुवातीलाच हे वाक्य म्हणजे दारात उभं राहून तक्रार. मराठीत आपण आधी 'त्या कराराबद्दल लिहितोय' म्हणू. तेच करा: 'ले एस्क्रीबो पोर लो देल कोन्त्रातो'. मग तक्रारीऐवजी घटना सांगा, 'पूर्वी'चं रूप वापरून: 'ले एस्क्रिबी आसे दोस सेमानास', दोन आठवड्यांपूर्वी लिहिलं होतं. आता विनंती: 'मे पोद्रीआ एन्बिआर एल कोन्त्रातो फिर्मादो एल बिएर्नेस आ मास तार्दार?' अनोळखी ग्राहक, म्हणून 'पोद्रीआ'. मुदत आहे, म्हणून 'आस्ता' नाही. शेवटी: 'सी नेसेसीता मास तिएम्पो, आबीसेमे'. 'आबीसामे'चं हे 'उस्तेद'चं रूप.

सुरुवातीच्या संबोधनानंतर स्वल्पविराम नाही, दोन टिंबं. प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह. खाली 'केदो आ ला एस्पेरा दे सू रेस्पुएस्ता', म्हणजे आपल्या उत्तराची वाट बघतो, आणि 'सालूदोस', नमस्कार. एखाद्या रूपाबद्दल शंका आली तर स्पॅनिश अकादमीचा शंकानिरसन कोश इंटरनेटवर मोफत आहे. १७१३ साली स्थापन झालेली ही संस्था आता इतर देशांच्या अकादम्यांसह कोश काढते, त्यामुळे कोणत्या देशात काय चालतं तेही त्यात मिळतं.

उत्तर 'से लो मान्दो मान्याना सिन फाल्ता' असं आलं तर निश्चिंत व्हा, 'सिन फाल्ता' म्हणजे नक्की. 'से लो मान्दो एन एस्तोस दीआस' आलं तर ते आपलं 'दोन-चार दिवसांत पाठवतो' आहे, त्यात तारीख नाही. लगेच विचारा: 'के दीआ ले बिएने बिएन?', कोणता दिवस सोयीचा पडेल? वार आला की 'पारा एल मार्तेस, एन्तोन्सेस', म्हणजे 'मग मंगळवारपर्यंत', एवढं लिहून पत्र पाठवून द्या.